दुरून पाहिलेला डोंगर

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी घडविली त्या काळी डोंगर एका जागी उभा असे आणि त्याच्यापर्यंत चालत जाण्याचे कष्ट पाहणाऱ्याला पडत. लांबून निळासावळा दिसणारा कडा जवळ गेल्यावर काट्याकुट्यांचा निघतो, एवढाच त्या म्हणीमागचा अनुभव. आता डोंगरच तळहातावरच्या काचेत येऊन बसतो. आणि गंमत अशी की, दुरून तो साजरा दिसण्याऐवजी पुष्कळदा फिका दिसतो. ज्या डोंगराविषयी आज लिहावयाचे आहे तो माणसाने बांधलेला, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या डिस्नेच्या ‘मॅजिक किंगडम’ या उद्यानातला. त्याच्या पोटातून पाण्याचा पाट वाहतो, पाटातून लाकडी ओंडक्याच्या आकाराच्या होड्या जातात आणि शेवटी होडी माथ्यावरून सुमारे पन्नास फूट खाली कोसळते. २८ जून २०२४ रोजी ही राइड ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ या नव्या नावाने व नव्या सजावटीने लोकांसाठी खुली झाली. परंतु तिचा निकाल त्यापूर्वीच लागून गेला होता. उद्घाटनाआधी कंपनीने स्वतःच संपूर्ण फेरीची चित्रफीत इंटरनेटवर प्रसिद्ध केली, आणि ज्यांचे एक बोटही त्या पाण्यात भिजले नव्हते अशा हजारो लोकांनी ती पाहून ‘फसली’ असा शेरा मारून टाकला.

विषय परदेशातला खरा. तो या पानावर का घेतला, ते सांगितले पाहिजे. आमच्या वाचकांतील कित्येक घरांची एक फांदी आज अमेरिकेत आहे. मुलगा किंवा मुलगी तिकडे स्थिरावली की दोन-तीन वर्षांनी इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथून आईवडिलांचे जाणे होते, आणि त्या वारीत फ्लोरिडातील किंवा कॅलिफोर्नियातील हे उद्यान बहुधा ठरलेले असते. तिकिटे महाग, रांगा लांब, दिवस मोजके. मग महिनाभर आधी तिकडची नातवंडे इकडच्या आजी-आजोबांना चित्रफिती धाडतात आणि त्या पाहून कोठे बसावयाचे, काय वगळावयाचे, याचे बेत होतात. ‘ही राइड अगदीच मिळमिळीत दिसते, सोडून देऊ,’ किंवा ‘अगं बाई, हे काही आपल्याला झेपायचे नाही,’ असे दोन्ही प्रकारचे निकाल त्याच काचेवरून दिले जातात. त्यांतला एखादा चुकला तर एका कुटुंबाची लांबून साधलेली संध्याकाळ वाया जाते, आणि प्रसंगी एखाद्याची पाठही कामातून जाते. तेव्हा काचेतून काय कळते आणि काय कळत नाही, याचा शांतपणे विचार व्हावा, असे आम्हांस वाटले. आम्ही स्वतः त्या ओंडक्यात बसलेलो नाही, हे येथेच नमूद करतो. आमच्यापुढे आहेत त्या चित्रफितीच. आणि त्यांच्यावरून देता येईल तेवढाच निकाल देण्याचा आमचा विचार आहे.

या डोंगराचा पूर्वेतिहास ठाऊक असल्यावाचून त्याच्यावरचा वाद समजत नाही. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १७ जुलै १९८९ रोजी ‘स्प्लॅश माउंटन’ या नावाने त्याचा पहिला अवतार झाला. फ्लोरिडातील त्याचा भाऊ १९९२ साली आला. कल्पना टोनी बॅक्स्टर या रचनाकाराची. डिस्नेलँडच्या डोंगरात नाचणारे-गाणारे बरेचसे यांत्रिक प्राणी नवे नव्हतेच. १९८८ साली बंद झालेल्या ‘अमेरिका सिंग्स’ नावाच्या जुन्या खेळातले ते उचलून येथे बसविले होते. आजीच्या जुन्या शालूचे नातीला परकर-पोलके शिवावे, त्यातला हा प्रकार. कथानक मात्र १९४६ सालच्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटातून आले, आणि त्या चित्रपटात ते आले जोएल चँडलर हॅरिस यांनी संग्रहित केलेल्या ‘अंकल रिमस’च्या गोष्टींतून. या गोष्टी मूळच्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांच्या तोंडच्या. चतुर ससा, कपटी कोल्हा आणि मठ्ठ अस्वल ही त्यांतली मुख्य पात्रे. कोल्हा डांबराची बाहुली करून ठेवतो, ससा तिला थप्पड मारतो आणि हात चिकटतो, दुसरा मारतो तोही चिकटतो, मग पाय, मग डोके. पालि जातककथा ज्यांनी वाचल्या असतील त्यांना हे वाचताना ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटेल. पञ्चावुध जातकातील राजपुत्र चिकट केसांच्या यक्षाला असाच एकेका अवयवाने चिकटत जातो. जोसेफ जेकब्ज या लोककथांच्या अभ्यासकाने हे साम्य फार पूर्वीच दाखविले होते. राइड बांधताना डांबराच्या जागी मध घालण्यात आला. कारण काळ्या डांबराची ती बाहुली पुढे कृष्णवर्णीयांना हिणविणारा शब्द होऊन बसली होती.

मधात अडकलेला ससा कोल्ह्याच्या हाती लागतो आणि गयावया करतो, की वाटेल ते कर, पण तेवढे त्या काटेरी झुडपात मला फेकू नकोस. कोल्हा दुष्टपणाने नेमके तेच करतो. आणि काट्यांतच जन्मून वाढलेला ससा हसत हसत निसटतो. राइडमधला शेवटचा कोसळ म्हणजे हे काट्यांत फेकणे. होडी माथ्याकडे चढू लागली की दोन गिधाडे वरून बसणाऱ्यांना भिवविणारे बोल ऐकवीत. मग कडा, मग पाणी, मग सुटकेचे गाणे. कथेतले पडणे आणि शरीराचे पडणे एकाच क्षणी येत असे. रचना म्हणून ही गोष्ट फार उच्च प्रतीची होती, असे आमचे मत आहे.

परंतु मूळ चित्रपट सुखासुखी विसरता येण्याजोगा नव्हता. यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेकडील मळ्यांवरचे कृष्णवर्णीयांचे जिणे त्याने असे गोड रंगविले होते की, तो निघाला तेव्हापासूनच त्याच्याविरुद्ध तक्रारी सुरू झाल्या. त्यात रिमसचे काम करणारे जेम्स बॅस्केट यांना १९४८ साली मानद ऑस्कर मिळाले. पण १९४६ साली अटलांटा येथे चित्रपटाचा पहिला खेळ झाला तेव्हा वर्णभेदाच्या नियमांमुळे त्यांना त्या समारंभाला जाता आले नव्हते. ज्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर चित्रपट उभा, त्यालाच दार बंद. अमेरिकेत हा चित्रपट घरी पाहण्यासाठी कंपनीने कधीही विक्रीस काढला नाही, आणि तरीही त्याचीच गाणी तीन दशके डोंगराच्या पोटात वाजत राहिली. अखेर २५ जून २०२० रोजी कथानक बदलण्याची घोषणा झाली. फ्लोरिडातील जुनी राइड जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, कॅलिफोर्नियातील त्याच वर्षीच्या मे महिन्यात. आणि कॅलिफोर्नियातील नवी १५ नोव्हेंबर २०२४ रोजी उघडली.

नव्या कथेची नायिका टियाना. ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या २००९ सालच्या चित्रपटातली ही न्यू ऑर्लिन्स शहरातली कष्टाळू मुलगी. स्वतःचे उपाहारगृह काढण्याचे स्वप्न बाळगून पैपैसा साठविणारी, आणि डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. लुइझियाना राज्यात दलदलीतून संथ वाहणाऱ्या ओढ्यांना बायू म्हणतात. होडी जाते ती अशा बायूतून. शहरात उत्सवाची मेजवानी आहे, वादक कमी पडताहेत, तेव्हा रानातले प्राणी-वादक शोधावयास टियाना व लुई नावाचा तुतारीवाला मगर निघाले आहेत. वाटेत मामा ओडी ही रानातली जाणती म्हातारी आपल्या मंत्राने आपणां सर्वांना बेडकाएवढे लहान करते; लहानग्या वादकांची गाठ पडते; आणि पुन्हा मोठे होऊन मेजवानीला पोहोचावे म्हणून तीच आपल्याला कड्यावरून खाली धाडते.

आता चित्रफीत पाहून लोक काय म्हणाले ते पाहू. ते म्हणाले, यात खलनायक नाही. मूळ चित्रपटात डॉक्टर फॅसिलिए नावाचा चांगला भेदक मांत्रिक असताना त्याला दारातही उभे केले नाही. ते म्हणाले, कोणावर संकट नाही. वादक मिळाले नसते तरी मेजवानी थोडी सुनी झाली असती, इतकेच. पन्नास फुटांच्या कोसळण्याला पुरेसे कारण नाही. मध्येमध्ये काहीच न घडणारे लांब पल्ले आहेत. या आक्षेपांवर कंपनीच्या चाहत्यांचे उत्तर ठरलेले असे, की आधी बसा, मग बोला. आम्हांस हे उत्तर मान्य नाही. जुन्या राइडच्या चित्रफिती अजून पाहावयास मिळतात. आम्ही जुनी व नवी लागोपाठ पाहिल्या, आणि कथेविषयीचा आक्षेप आम्हांस खरा वाटला. नाटकाचे पुस्तक हाती असेल तर दुसऱ्या अंकात कथा अडखळते की नाही, हे सांगण्यास नाट्यगृहाचे तिकीट काढावे लागत नाही. भीतीचा दाब चढत जावा आणि कड्यावर तो फुटावा, ही जुन्या रचनेतली किल्ली नव्या रचनेत नाही; तेथे चढण येते ती आनंदातून, आणि उतरणही आनंदातच. पाण्यात भिजून हा दोष धुऊन निघणारा नाही. कथा, पात्रे, प्रसंगांचा क्रम, गाण्यांची जागा, मधले रिकामे पल्ले, एकूण फेरीचा काळ, या साऱ्यांची साक्ष काच खरी देते, आणि ती साक्ष घेऊन कोणी निकाल दिला तर त्याला उतावळा म्हणणे अन्यायाचे होईल.

पण लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. ‘कोसळणे पूर्वीसारखे राहिले नाही, सपाट झाले,’ असेही शेरे आले. वास्तविक पाट तोच, कडा तोच, उंचीही तीच. बदलली होती ती सजावट. मग कडा सपाट कोठे झाला? तो काचेत झाला. हा प्रकार कसा घडतो ते समजून घेण्याजोगे आहे.

होडी सुमारे पंचेचाळीस अंशांनी खाली झुकते तेव्हा तिच्यावरचा कॅमेराही तेवढाच झुकतो. त्यामुळे समोरचा उतार काचेत उतार म्हणून दिसतच नाही. नाकासमोर जाणाऱ्या रस्त्यासारखा दिसतो. उतार कळतो तो गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून, आणि ती दिशा चित्रात उमटत नाही. ती आपल्या कानात असते. आतल्या कानातील दोन लहान पिशव्यांत चुन्याचे अगदी बारीक कण असतात. वेग वाढला-घटला किंवा मान कलली की ते कण सरकतात आणि मेंदूला खबर जाते. पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून सुटलेल्या माणसाला बैठकीवर आपले वजन नेहमीच्या सात-दशांशच भासते, माथ्यावरच्या वळणाला त्याहूनही कमी. आणि तळाशी पाण्याला भिडताना एकाएकी ते दाटून येते. पोटात गोळा येतो तो या वजनाच्या चढउताराचा. पन्नास फूट म्हणजे पंधरा मीटर. घर्षण सोडून दिले तर तळाशी वेग ताशी साठ किलोमीटरच्या थोडा वर जातो, आणि ही सारी घटना अडीच सेकंदांत आटोपते. दहा मिनिटांच्या फेरीतली अडीच सेकंदे! चित्रफितीच्या हिशेबी तो दोनशे-चाळिसावा हिस्सा. जो बसून आला त्याच्या आठवणीत मात्र त्याने किती जागा व्यापली, हे ज्याने लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसून डोळे मिटले असतील त्याला सांगावयास नको.

त्यात पुन्हा भिंग रुंद दृश्य टिपणारे असते. असे भिंग समोरचे दूर लोटते आणि खोली उथळ करते. कड्याच्या माथ्यावरून खालचे तळे पाहताना माणसाला जे ‘किती खाली!’ वाटते ते या भिंगाला वाटत नाही.

कोणी म्हणेल, चित्राला शरीर हलविता येतच नाही काय? येते, पण त्याला आकार लागतो. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये ‘धिस इज सिनेरामा’ हा बोलपट लागला. तीन प्रक्षेपकांनी एकशे-सेहेचाळीस अंशांच्या वक्र पडद्यावर दाखविलेला हा खेळ सुरू होत असे तो रॉकअवेज प्लेलँड या उद्यानातील ‘ॲटम स्मॅशर’ नावाच्या रोलर कोस्टरच्या पुढच्या बाकावरून. प्रेक्षक खुर्चीचे हात घट्ट धरून बसत. एवढा पडदा डोळ्यांच्या दोन्ही कडा व्यापतो, आणि डोळ्यांच्या कडांनी जे सरकताना दिसते त्यालाच मेंदू स्वतःचे सरकणे समजतो. आगगाडीत बसलेले असताना शेजारची गाडी सुटली की क्षणभर आपलीच सुटली असे वाटते, ते यामुळेच. हातभर अंतरावर आडवा धरलेला मोबाईल डोळ्यांसमोरचा जेमतेम वीस अंशांचा तुकडा व्यापतो. उरलेल्या जागेत आपली स्थिर भिंत असते, भिंतीवरचे कॅलेंडर असते, चहाचा कप असतो. ती सगळी मंडळी मेंदूला एकमुखाने सांगत असतात, की तू कोठेही गेलेला नाहीस.

राहिला अंधार. या डोंगराचा बराचसा भाग काळोखात आहे, आणि रंगीत दिव्यांत उजळलेले यांत्रिक पुतळे हेच तेथले खरे वैभव. काळोखाला सरावलेला माणसाचा डोळा एकाच वेळी उजळ चेहरा आणि त्यामागची सावली, दोन्ही पाहतो. कॅमेऱ्याला पुष्कळदा दोहोंतले एक निवडावे लागते. मग एकतर चेहऱ्यांचे पांढरे डाग होतात, नाहीतर जी भिंत दिसूच नये म्हणून काळी रंगविली ती करडी होऊन पुढे येते. बसलेला माणूस डावीकडून वाद्य वाजले की डावीकडे वळतो. होडीच्या नाकावरचा कॅमेरा सरळच बघत राहतो, आणि नव्या राइडमधले पुष्कळ काम तर काठाकाठाने मांडलेले आहे. म्हणूनच की काय, प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांपैकी अनेकांनी पुढे असे सांगितले, की टियाना आणि लुई यांचे पुतळे चित्रफितीत वाटले त्याहून फार सरस आहेत. चेहऱ्यावरची हालचाल बघत राहावी अशी आहे. कथा मात्र त्यांच्यापैकीही पुष्कळांना पातळच वाटली. म्हणजे ज्या बाबतीत काचेचा निकाल टिकावयाचा तेथे तो टिकला, आणि जेथे टिकावयाचा नव्हता तेथे कोसळला.

या गोष्टीची उत्तम जाण आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी होती. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीविषयी एक अध्याय आहे. प्रयोग यशस्वी झाला की नाही हे कशावरून ओळखावे? तर प्रेक्षकांच्या स्मितावरून, हसण्यावरून, तोंडून निघालेल्या ‘अहो’वरून, अंगावरच्या रोमांचांवरून, आसनावरून उठण्यावरून. ही मानुषी सिद्धी. संहितेवरून नाही, जमलेल्या माणसांच्या अंगावरून. त्याच अध्यायात, नटांत वाद झाला तर निर्णय कोणी द्यावा, तेही सांगितले आहे. त्या परीक्षकांना प्राश्निक म्हटले आहे, आणि ते एकच एक नाहीत. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञ जाणणारा, नृत्यासाठी नर्तक, छंदासाठी छंदःशास्त्री, शब्दासाठी वैयाकरण, शस्त्रांच्या प्रसंगी धनुर्धर. ज्याचे त्याचे क्षेत्र ठरलेले. भरताच्या सभेत मोबाईलवाल्या परीक्षकाला बसविले असते तर त्याला कथेच्या आसनावर मानाने बसविले असते. पण पोटात गोळा आला की नाही या प्रश्नाला त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिले नसते. इंदूर-बडोद्याच्या आमच्या नाट्यवेड्या मंडळींना हे वेगळे सांगणे नको. संहिता वाचून ‘पडणार’ म्हटलेली नाटके उभी राहिलेली आणि ‘डोक्यावर घेतील’ म्हटलेली आडवी झालेली त्यांनी पाहिली आहेत. आणि ज्यांना नाटकाशी कर्तव्य नाही त्यांनी सराफ्यात जाऊन भुट्ट्याच्या किसाचे आधी छायाचित्र पाहावे व मग तो खावा.

या प्रकरणात आणखी एक गाठ होती आणि तिचा उलगडा भिंगाच्या शास्त्राने होत नाही. चित्रफीत उघडण्यापूर्वीच पुष्कळांचा निकाल तयार होता. ज्यांच्या बालपणाचा एक दिवस जुन्या डोंगरावर गेला होता त्यांना नव्यात काहीच चांगले दिसणार नव्हते. उलट, त्या गोड रंगविलेल्या मळ्यांचा ज्यांना जाच होत आला होता त्यांच्यातील काहींनी तितक्याच घाईने, तितक्याच कोरड्या अंगाने, नव्या राइडला अप्रतिम ठरविले. दोन्ही पक्षांनी पुरावा नंतर मागविला. उत्तरपत्रिकेवरचे नाव आधी वाचून मग गुण देणारा परीक्षक जसा, तसेच हे. आमचे मत विचाराल तर, जेम्स बॅस्केट यांना बंद झालेले ते दार आठवले म्हणजे जुने कथानक काढले हे योग्यच झाले असे वाटते. आणि त्याच वेळी नव्याला तेवढ्या बळाचे कथानक मिळावयास हवे होते, हेही वाटते. या दोन मतांत आम्हांस विरोध दिसत नाही. ज्या समाजाचा मान राखण्यासाठी बदल केला, त्याच्या नायिकेला संकटावर मात करण्याची संधी देणे हाही मानाचाच भाग होता. चित्रपटातली टियाना संकटांशी झगडून वर येते. राइडमध्ये तिच्याकडे यजमानीण होऊन स्वागत करणे एवढेच काम उरले आहे.

चित्रफितीचा आणखी एक उणेपणा असा, की ती नेहमी चालू असलेल्या राइडची असते. उद्घाटनानंतरच्या पहिल्या दिवसांत ही राइड वारंवार थांबत असल्याच्या बातम्या होत्या. दोन तास रांगेत उभे राहून ‘तूर्त बंद’ ही घोषणा ऐकण्याचा अनुभव कोणत्याही सुंदर चित्रफितीत सापडत नाही.

तरीही या चित्रफितींचा घरगुती उपयोग आहे. फक्त लोक पाहतात तो भाग सोडून दुसरा पाहावा लागतो. आमच्या परिचयाच्या एक वहिनी, वय अडुसष्ट, उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, येत्या उन्हाळ्यात मुलाकडे जाणार आहेत. नातवाने धाडलेली चित्रफीत दाखवून त्यांनी आम्हांस विचारले, ‘भाऊ, हा कडा मला सोसेल का?’ आम्ही म्हटले, ‘वहिनी, कड्याचे उत्तर ही काच देणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि दारावरची पाटी वाचा. तिच्यावर हृदय, पाठ, मान यांची दुखणी असणाऱ्यांसाठी स्पष्ट इशारा असतो. काचेत पाहायचे ते सुरुवातीचे अर्धे मिनिट, जे सगळे पुढे ढकलतात.’ मग कोणा प्रवाशाने स्वतःच्या मोबाईलवर घेतलेली चित्रफीत शोधून ते अर्धे मिनिट आम्ही दोघांनी चारदा पाहिले. कंपनीच्या चित्रफितीत होडी आपोआप सुटते. प्रवाशाच्या चित्रफितीत माणसे चढताना दिसतात. फलाटावरून पाय खाली टाकून ओंडक्यात उतरावे लागते, बैठक बरीच खोलगट आहे, आणि परत येताना त्याच खोलगट बैठकीतून गुडघ्यावर जोर देऊन उठावे लागते. फ्लोरिडात एका बाकावर दोघे बसतात, त्यामुळे शेजारी हात देणारे कोणी असू शकते. कॅलिफोर्नियात एकामागे एक बसावे लागते. वहिनींचा मुलगा फ्लोरिडातच आहे.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवून चित्र तेथेच थांबविले आणि उठणाऱ्या एका स्थूल गृहस्थांकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, ‘अडीच सेकंदांचे मला भय नाही हो. हे उठणेच कठीण दिसते.’ डॉक्टरांची भेट त्यांनी पुढल्या बुधवारची ठरविली आहे. नातवासाठीही एक गोष्ट काचेवाचून तपासता आली. या राइडला उंची किमान चाळीस इंच लागते. सूनबाईंनी तिकडे दाराच्या चौकटीला उभे करून पेन्सिलीने खूण केली. चिरंजीव साडेअडतीस भरले. जाणे मे महिन्यात आहे.